सुटकेच्या अटी आणि घरची माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पाककृती आणि भरतकाम यांवर बोलणाऱ्या आपल्या मंडळात पुष्कळजणी आहेत. मी आज जरा वेगळा विषय घेतला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे कायद्याचा कीस मी काढणार नाही. परंतु तुरुंगात गेलेल्या माणसाची बायको वा आई आपल्या भांडुपमध्येही असते, आपल्याच नळावर पाणी भरते. तिच्या घरावर काय टांगलेले असते, ते आपल्याला ठाऊक असावे.

आधी शब्द समजून घेऊ. कैद्याला रजा मिळते ती दोन प्रकारची. आपल्याकडे १९५९ साली त्यासाठी नियम झाले. घराशी नाते तुटू नये म्हणून मिळते ती फर्लो, म्हणजे संचित रजा. घरात कोणी अत्यवस्थ झाले, कोणी वारले, अशा प्रसंगी मिळते तो पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा. शब्द दिला, की दिलेल्या दिवशी तुरुंगाच्या दारात हजर व्हायचे. तिसरी गोष्ट शिक्षामाफीची. जन्मठेपेच्या कैद्याने बरीच वर्षे शिक्षा भोगल्यावर सरकार अटी घालून उरलेली शिक्षा माफ करू शकते. अट मोडली तर माफी रद्द होऊन तो पुन्हा आत जाऊ शकतो.

माझ्या ओळखीच्या एक ताई आहेत. त्यांचे यजमान असेच अटींवर सुटून आले. नळावर दोन बायकांची बोलाचाली झाली, तरी या ताई आधी यजमानांना घरात घेऊन दार लावीत. मला म्हणायच्या, "अहो, कुणी रागाने चौकीवर यांचे नाव घातले, तर परत नेतील ना!" चौदा वर्षे एकटीने मुले वाढवलेल्या बाईचे हे भय आहे. ते खोटे म्हणता येत नाही.

अशाच अटींविरुद्ध शेजारच्या गुजरातमधील जन्मठेपेचा एक कैदी सर्वोच्च न्यायालयात गेला. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचा निकाल लागला. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी श्री. अभय ओक हे आपल्या ठाण्याचे. त्यांची वकिली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात सुरू झाली. सरकारची एक अट होती, की दोन वर्षे 'सभ्यपणे' वागावे. न्यायालय म्हणाले, सभ्यपणा म्हणजे काय हे कायद्यात कुठे सांगितलेले नाही. अशी मोघम अट चालणार नाही. दुसरे असे, की नुसता गुन्हा नोंदवला गेला एवढ्याने माफी आपोआप रद्द होत नाही. कारणे लिहून नोटीस द्यावी, माणसाचे म्हणणे ऐकावे, आणि निर्णयाची कारणे थोडक्यात लिहावीत.

बघा, यात माया दाखवलेली नाही. सून चुकली असे सासूने म्हणावे, आणि सुनेला एक शब्द बोलू न देता घराबाहेर काढावे, हे आपण न्यायाचे मानू काय? कैद्याच्या बाबतीतही तेच माप लावले, इतकेच.

कुणी म्हणेल, ज्यांचे माणूस मारले गेले, त्यांचे काय? हा प्रश्न रास्त आहे. बिल्किस बानो यांच्यावर अत्याचार करून त्यांच्या आप्तांचे खून करणाऱ्या अकरा जणांना १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने सोडले. त्या बाई न्यायालयात गेल्या. खटला मुंबईत चालला होता, तेव्हा माफीचा अधिकार महाराष्ट्राचा, गुजरातचा नव्हे, असे सांगून ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. त्या अकरा जणांना परत तुरुंगात जावे लागले. म्हणजे चुकीची सुटका रद्द करवून घ्यायला पीडित बाईला दार आहे, तसे सुटका विनाकारण काढून घेतली जाऊ नये म्हणून कैद्यालाही दार आहे. दार एकच, न्यायालयाचे.

आता आपण काय करायचे? एक, असल्या घरची बाई आली तर तिला टाळू नका. दोन, रागाच्या भरात खोटी तक्रार करू नका. खरी असेल तर मात्र बेधडक करा. तीन, पैसे नाहीत म्हणून कुणी हातपाय गाळू नये. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येते. तो क्रमांक मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवावा, अशी माझी अध्यक्षबाईंना विनंती आहे.