उंबरठ्याच्या आतली फिजिओथेरपी



आपल्या वेळी करिअर म्हणजे दोनच गोष्टी होत्या, डॉक्टर किंवा इंजिनिअर. मी दुसरी धरली आणि वीस वर्षांहून अधिक काळ सॉफ्टवेअरमध्ये आहे. आज मात्र बोलणार आहे माझ्या भाचीच्या शिक्षणाबद्दल. साडेचार वर्षांची बीपीटी करून ती आता दोन वर्षांची एमपीटी करते आहे. विषय घेतलाय कम्युनिटी फिजिओथेरपी.

घरी सगळ्यांनी विचारलं, "स्पोर्ट्स का नाही घेतलंस? स्वतःचं क्लिनिक थाटता आलं असतं." ती म्हणाली, "मावशी, पेशंट हॉस्पिटलमध्ये चालायला लागतो आणि घरी जाऊन खाटेला खिळतो. मला ते घर बघायचंय."

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटतं. ऑफिसात नीट चालणारा प्रोग्राम ग्राहकाकडे गेला की अडतो. पक्षाघातातून सावरणारे आजोबा हॉस्पिटलच्या सपाट फरशीवर चालतात. घरी मात्र उंच उंबरठा, अंगणापलीकडे संडास आणि धरायला काही नाही. म्हणून ही मंडळी व्यायामाबरोबर खाटेची उंची, संडासातली दांडी, रात्रीचा दिवा हेही बघतात. आजोबांना उठवताना स्वतःची कंबर कशी सांभाळायची, हे सुनेला शिकवतात. वृद्धाश्रम, विशेष मुलांच्या शाळा, कारखाने, बाळंतिणी, वाकून निंदणी करणाऱ्या बाया, हे सगळं त्यांच्या अभ्यासात येतं. आपल्याकडे 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. म्हणजे काम वाढलंय, हात मात्र कमी आहेत.

हे आपल्याला का सांगते? आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईत, काही परदेशात. आईवडील इथेच. पैसे पाठवता येतात, औषधं घरपोच मागवता येतात. पण आई न्हाणीघरात पाय कसा टाकते, हे फोनवर दिसत नाही. म्हातारपणी एकदा पडणं म्हणजे कधी खुब्याचं हाड मोडणं, आणि मग अंथरूण.

म्हणून या मुक्कामात एक करा. आईला किंवा वडिलांना हातांच्या खुर्चीवर बसवा. उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी वापरत असतील तर काठीसकट. तुम्ही शेजारीच थांबा आणि घड्याळ लावा. 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं समजून फिजिओथेरपिस्टला दाखवा. सर, आज तुमच्यावर मी घड्याळ लावणार नाही, काळजी नसावी!

आणि दुसरं. उद्या तुमच्या मुलाने किंवा मुलीने "मला फिजिओथेरपी करायचीय" असं म्हटलं, तर "मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून का?" असं विचारू नका. माझ्यासारख्या इंजिनिअरला एमपीटीला प्रवेश नाही, त्याला आधी बीपीटीच लागते. पण जी मुलं त्या वाटेने निघालीत, त्यांच्या पाठीशी उभं राहणं आपल्याला नक्की जमेल. आपल्या आईवडिलांच्या दारात उद्या तीच येणार आहेत.