रझियाचा गुन्हा

दोस्तांनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या बायांनो,

मी गोदीत ओझी उचलतो. मॅट्रिकपर्यंत शिकलो, कविता लिहितो. इतिहासाचा पंडित नाही. पण आज रझियाबद्दल बोलायचंय.

शाळेच्या पुस्तकात तिला चार ओळी होत्या. दिल्लीच्या तख्तावर बसलेली बाई, १२३६ ते १२४०. बस्स. पुढं कळलं, बाप अल्तमश ग्वाल्हेरच्या मोहिमेवर गेला तेव्हा दिल्लीचा कारभार तिनंच हाकला होता. तो मेल्यावर अमिरांनी तिच्या ऐषारामी भावाला गादीवर बसवलं. काही महिन्यांतच दिल्लीच्या लोकांनी त्याला उठवून तिला बसवलं. तिनं पडदा टाकला, डोक्यावर पुरुषी टोपी घातली, हत्तीवर बसून उघड्या तोंडानं लोकांसमोर आली.

अमीर कुरकुरत होतेच. मग तिनं पागेचा मुख्य म्हणून याकूत नावाच्या हबशाला नेमलं. तुर्कांच्या दरबारात काळा माणूस मोठ्या पदावर! आग लागली.

आता गंमत ऐका. हे अमीर कोण? त्यातले कित्येक बाजारात विकत घेतलेले गुलाम! खुद्द अल्तमशही विकला गेला होता. गुलाम एक पायरी वर चढला आणि खालच्याच्या छातीवर पाय देऊन उभा राहिला. ही शिडी आपल्या वळखीची हाय, न्हाई का?

१२४० साली भटिंड्याच्या अल्तुनियानं बंड केलं. याकूतला मारलं, रझियाला कैद केलं. पुढं तिनं अल्तुनियाशीच लग्न करून दिल्लीवर चाल केली, हरली, कैथलजवळ मारली गेली. त्याच काळातला मिन्हाज लिहितो की राज्य करायला लागणारे सगळे गुण तिच्यात होते. पण ती पुरुष नव्हती, मग त्यांचा उपयोग काय?

प्रेमप्रकरण तो लिहीत नाही. ते नंतरच्यांनी रंगवलं. १९८३ च्या सिनेमात तर हेमामालिनी रझिया आणि धर्मेंद्र याकूत. बाईनं काळ्या माणसाला पद दिलं, तर ते राजकारण नाही, लफडं! राज्य करणाऱ्या बाईला गाडायची ही जुनी युक्ती.

आता आपलं बघू. गेल्या सभेत सतरंज्या कुणी झाडल्या? चहा कुणी केला? आणि ठराव कुणी मांडले? एक बाई बोलायला उभी राहिली तेव्हा माझ्या शेजारचा कुजबुजला, ही कुणाच्या वशिल्यानं आली? मी हसलो. त्या हसण्याची लाज घेऊन आज उभा आहे. त्या दिवशी आपणच अमीर होतो.

माझं संपलं. पुढचा ठराव मागच्या रांगेतून येऊ द्या. चहा मी टाकतो.