मनिलाची मतमोजणी

परक्या देशाच्या निवडणुकीस पाहुणे गेलेल्या विधिमंडळ-सभासदांनीं करावें तरी काय? १९८६ च्या ७ फेब्रुवारीस फिलिपाइन्समध्यें अध्यक्ष मार्कोस व कोराझोन अक्विनो यांचा सामना झाला. अमेरिकेचे सिनेटर रिचर्ड लुगार निरीक्षक-मंडळासह तेथें होते. ९ तारखेस, फलकावरील आंकडे आपल्या आंकड्यांशीं जुळेनात म्हणून, सरकारी मतमोजणींतील यंत्रचालक – बहुतेक तरुण स्त्रिया – काम टाकून उठल्या. खरें धैर्य त्यांचें. पाहुण्यांना परतीचें विमान होतें! तरीहि, लबाडी दोन्ही बाजूंनीं झाली असावी, असें अध्यक्ष रेगन यांनीं सुचवितांच त्यांच्याच पक्षाच्या लुगारांनीं तें उघडपणें नाकारलें. १९ तारखेस सिनेटनें ८५ विरुद्ध ९ मतांनीं ठराव केला कीं, ही निवडणूक लोकेच्छेचें प्रतिबिंब नव्हे. तोंवर मनिलांतील लोकांनींहि आपला ठराव केलाच होता. २५ तारखेस मार्कोसनीं देश सोडला.