नोंदवहीत काय जाऊ नये

(ऊर्जानगर येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज माझ्या वाट्याला संगणकाचा विषय आला आहे. जेवणानंतरची वेळ आहे, डोळे मिटू लागतील, म्हणून आधी एक चूक सांगते. चूक माझीच आहे.

आमच्या समुपदेशन केंद्राचा तिमाही अहवाल आम्ही हाताने करायचो. किती जणी आल्या, मारहाणीच्या किती, पोटगीच्या किती, किती परत नांदायला गेल्या. बेरजा करण्यात दोन दिवस जायचे. एका सहकारी मैत्रिणीचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने या बेरजांसाठी छोटासा प्रोग्रॅम करून दिला. "मावशी, तपासायला थोड्या नोंदी द्या," म्हणाला. मी आमच्या तक्त्यातल्या सात नोंदी दिल्या. नावं काढली होती, तेवढं मला कळत होतं. पुढे आणखी दोन तालुक्यांतल्या गटांनी प्रोग्रॅम मागितला, म्हणून तो सगळा फोल्डर इंटरनेटवर कुणालाही घेता येईल असा ठेवला. आठवड्याभरात त्यांतल्या एकीचा फोन. "ताई, यात क्वार्टर नंबर आहेत. मुद्दाम ठेवलेत का?"

ऊर्जानगरात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. ही वीज केंद्राची वसाहत. क्वार्टर नंबर, नवऱ्याची पाळी आणि मुलं किती, एवढं कळलं की नाव कशाला हवं? आणि गडचिरोलीकडच्या लहान गावात तर एवढंही लागत नाही.

दहा मिनिटांत ती फाइल पुसून टाकली आणि तसं त्या ताईला कळवलं. तिचा पुन्हा फोन आला. "फाइल गेली, पण जुन्या पानावर अजून दिसतेय."

हे जुनं पान म्हणजे काय, ते समजून घेऊ. प्रोग्रॅम लिहिणारे लोक गिट नावाची एक प्रणाली वापरतात. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी ती २००५ साली लिनक्सच्या कामासाठी तयार केली. ती आपल्या इतिवृत्ताच्या वहीसारखी आहे. तुम्ही 'कमिट' म्हणालात की त्या क्षणी फोल्डर जसा असेल तसा ती नोंदवून ठेवते. आज एखादी फाइल खोडली, तर 'आज खोडली' एवढीच नवी नोंद होते, मागची पानं तशीच राहतात. जो कुणी प्रत घेतो त्याच्याकडे सहसा पहिल्या पानापासूनची सगळी वही जाते. कामासाठी हे फार सोयीचं आहे. आमच्या सात बायकांसाठी नव्हतं.

गिटला काही फाइली वगळायला सांगता येतं. फोल्डरमध्ये 'डॉट गिटइग्नोर' नावाची, म्हणजे नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली, साध्या मजकुराची फाइल ठेवायची. तिच्यात एका ओळीवर एक, काय वगळायचं ते लिहायचं. फोल्डरचं नाव लिहून पुढे तिरकी रेघ दिली की तो सगळा फोल्डर वगळला जातो. तारांकन म्हणजे 'काहीही'. तारांकनापुढे एक्सेलच्या फाइलचं शेपूट लिहिलं, की एक्सेलचे सगळे तक्ते वगळले जातात. मग घाईत कुणी 'सगळं घाल' अशी आज्ञा दिली तरी ते वहीत जात नाहीत. इतकं सोपं आहे, आणि ते आम्ही केलं नव्हतं. त्या मुलाने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एम.एस.डब्ल्यू.ची दोन वर्षं मी क्षेत्रकार्याची रेकॉर्डिंग लिहिली. काय लिहावं यावर मार्क होते. काय लिहू नये यावर एक तास झाल्याचं मला आठवत नाही.

मग आम्ही ती यादी केली, तक्त्याचं नाव तिच्यात लिहिलं, आणि काहीच फरक पडला नाही. कारण एकदा वहीत शिरलेल्या फाइलला ही यादी लागू होत नाही. गिट तिच्यातले बदल नोंदवतच राहतं. आधी 'गिट आरएम' आणि पुढे 'कॅश्ड' अशी आज्ञा देऊन तिला वहीतून बाहेर काढावं लागतं. तीही फक्त पुढच्या पानांपुरती बाहेर येते. मागची पानं साफ करायची तर सगळी वही नव्याने लिहावी लागते. 'फिल्टर-रेपो' नावाचं साधन ते करतं. त्या मुलाने रात्र जागून केलं. पण ज्यांनी आधीच प्रती नेल्या होत्या त्यांच्या वह्या आमच्या हातात नव्हत्या. त्यांना एकेकीला फोन करून विनवावं लागलं.

त्या रात्री मला देसाईगंजची आठवण झाली. २६ मार्च १९७२ ला तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, १९८२ पासून गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच दुरुस्तीत पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरलं. तेव्हाचं कलम २२८ अ, आज भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. नुसतं नावच नाही, तर ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट त्यात येते. २०१८ साली निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी कडक शब्दांत सांगितलं. पण जिच्यामुळे हे कलम आलं, तिचं नाव त्याआधीच निकालपत्रांत, पत्रकांत, आपल्या घोषणांतही गेलं होतं. आजही कायद्याच्या पुस्तकांत त्या खटल्याला तिच्याच नावाने ओळखतात. मी इथे ते घेत नाही. त्याने काही पुसलं जात नाही, हे मला माहीत आहे.

आता यादीतलीच एक गंमत, खरं तर गंमत नाही. डॉट गिटइग्नोर ही फाइल स्वतः साधारणपणे वहीत जाते, म्हणजे सगळ्यांना दिसते. एका कार्यकर्तीने तिच्यात प्रत्येक केसची फाइल नावानिशी लिहिली होती. फाइली लपल्या, नावांची यादी उघडी पडली! म्हणून यादीत बाईचं नाव, गाव, क्वार्टर नंबर कधीच लिहायचा नाही. सगळ्या नोंदी एका फोल्डरात, फोल्डरला साधं नाव, आणि यादीत तेवढी एकच ओळ. फक्त आपल्या संगणकापुरतं काही वगळायचं असेल तर गिटच्या आतल्या 'इन्फो' फोल्डरात 'एक्सक्लूड' नावाची फाइल असते, ती बाहेर जात नाही. कोरा फॉर्म मात्र त्या वगळलेल्या फोल्डरात ठेवू नका. पूर्ण फोल्डर वगळला की त्यातली एखादी फाइल उद्गारचिन्ह लावून परत घेता येत नाही.

'इग्नोर' हा शब्द मला मुळातच बोचतो. आपल्या बायका ठाण्यातून 'अदखलपात्र' असा कागद घेऊन येतात, तो हाच शब्द. आणि वगळणं म्हणजे सांभाळणंही नव्हे. वगळलेली फाइल संगणकावर उघडीच असते, कार्यालयात येणारा कुणीही ती वाचू शकतो. तिची मागची पानंही कुठे नसतात. साफसफाईची एक चुकीची आज्ञा दिली की ती कायमची जाते. तेव्हा या नोंदींची वेगळी प्रत, पासवर्ड घालून, कपाटात कुलपात ठेवायचीच.

त्या सात जणींना सांगायला मी स्वतः गेले. सहा भेटल्या. सातवी माहेरी होती, तिचा फोन तिच्या हातात नसतो, म्हणून निरोप ठेवला नाही. ती दिवाळीनंतर परतली तेव्हा सांगितलं. दोघी रागावल्या, त्यातली एक परत आली नाही. एक म्हणाली, "ताई, माझं सगळं फाडून टाका." आणि जिचा क्वार्टर नंबर होता ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "फाडू नका. चौकीत कुणी लिहून घेतलं नाही, तुम्ही घेतलं. मला ते कोर्टात लागेल. पण दुसऱ्या कुणाला दाखवायच्या आधी मला विचारा."

आम्ही तेव्हापासून पहिल्या भेटीतच विचारतो. काय लिहू, कुठे ठेवू, कोण पाहील. वेळ लागतो. काही जणी "तुम्हीच ठरवा" म्हणतात, तरी आम्ही पुन्हा विचारतो.

आता चार-चार जणी एका संगणकाशी बसा. खोट्या नोंदी मी करून आणल्या आहेत, खऱ्या कुणीही उघडायच्या नाहीत. आधी यादी लिहा, मग 'गिट स्टेटस' म्हणा आणि काय काय दिसतं ते मोठ्याने वाचा. तक्ता दिसला तर 'कमिट' करू नका, मला हाक मारा.