जाहिरातीतली बाई आणि पाटी नसलेली सुईण

(यवतमाळ येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला आज 'बाईचं आरोग्य आणि कायदा' या विषयावर बोलायला सांगितलंय. पण कायद्याच्या कलमांपासून सुरुवात केली तर जेवणानंतरच्या सत्रात तुमच्यातल्या निम्म्याजणी पेंगतील, आणि त्यात तुमचा काही दोष नसेल. म्हणून मी भिंतीपासून सुरुवात करते. एस.टी. स्टँडवरून इथपर्यंत येताना भिंतींवर काय काय लिहिलंय ते तुम्ही पाहिलं असेल. बी-बियाणं, कीटकनाशकं, शिकवणी वर्ग, मूळव्याध, 'गुप्तरोग', मूल न होणं. आपण हे रोज पाहतो आणि पुढे जातो. पण सगळ्याजणी पुढे जात नाहीत.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची बाई मला सरकारी दवाखान्यात भेटली. तीन मुलं पदरात, नवरा ऊसतोडीला गेलेला, आणि पाळी चुकलेली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. तालुक्याच्या स्टँडमागच्या भिंतीवरची जाहिरात तिच्या पाचवीतल्या मुलीनं तिला वाचून दाखवली. कापूस वेचणीचे साठवलेले पैसे घेऊन ती त्या पत्त्यावर गेली. पुड्या मिळाल्या. चौथ्या दिवशी रक्तस्राव सुरू झाला तो थांबेना. दवाखान्यात आणली तेव्हा अंगात रक्त उरलं नव्हतं. ती वाचली. मी तिला विचारलं, "अशी कशी गेलीस?" ती म्हणाली, "भिंतीवर लिव्हलं होतं न बाई. खोटं असतं तर सरकारनं लिहू देल्लं असतं काय?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. लिहिलेलं आहे म्हणजे खरं आहे, छापलेलं आहे म्हणजे कुणीतरी तपासलेलं आहे, हा विश्वास आला कुठून? त्याचा शोध घ्यायचा तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. जिनिंग-प्रेसिंग आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रूळ आले, तीच आपली 'शकुंतला'. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचं नावसुद्धा वणी जिल्हा होतं, तो तेव्हा यवतमाळ जिल्हा झाला. कचेरी आली, कोर्ट आलं. त्यांच्यामागे वकील, कारकून, अडते, शिंपी, घड्याळजी, छापखानेवाले, वैद्य आणि डॉक्टर आले. वर्तमानपत्रंही आली. 'हरिकिशोर' इथून निघत असे. १९१८ साली बापूजी अण्यांनी इथूनच 'लोकमत' साप्ताहिक सुरू केलं.

आता जरा विचार करा. खेड्यात कुंभाराला जाहिरात लागते का? सुताराला पाटी लागते का? पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना ठाऊकच असतं. त्याचं काम बिघडलं तर त्याला गावातच तोंड दाखवायचं असतं. शहरात मात्र अनोळखी माणसाला अनोळखी माणसाकडे जावं लागतं. तिथे विश्वास आयता मिळत नाही, तो तयार करावा लागतो. म्हणून त्या काळच्या मराठी पत्रांतल्या जाहिरातींची भाषा तशी आहे. 'आमचे येथे सर्व प्रकारचा माल', 'एकच भाव', 'एकवार अनुभव घ्या', खाली नाव आणि 'प्रोप्रायटर'. डॉक्टर असेल तर नावापुढे पदव्या, वैद्य असेल तर घराण्याचा दाखला. स्वदेशीच्या चळवळीनंतर 'माल स्वदेशी आहे' हीसुद्धा विश्वासाची खूण झाली.

या जाहिरातींत कोण आहे ते अभ्यासक सांगतात. कोण नाही ते आपण बघायचं आहे.

कासारीण नाही. दारोदार जाऊन बायकांचे हात हातात घेणारी आणि घराघरातली सुखदुःखं ऐकणारी ही बाई कुठेच नाही. गोंदणारी नाही. सुपं-टोपल्या विणणारी बुरडीण नाही. जडीबुटी विकणारी वैदू समाजातली बाई नाही. जिनिंगमध्ये सरकी-रुईच्या धुरळ्यात दिवसभर उभी राहणारी रेजा नाही. या सगळ्याजणी शहरात होत्या, धंदा-मजुरी करत होत्या. त्यांची जाहिरात म्हणजे त्यांची आरोळी, आणि आरोळी छापली जात नाही. १९०१ च्या शिरगणतीत देशातल्या हजार बायकांमागे जेमतेम सहा-सात साक्षर होत्या. त्यामुळे छापलेल्या कागदावर बाई ना लिहिणारी होती, ना वाचणारी. जुनी पत्रं चाळून एखाद्या गावाच्या धंद्यांचा इतिहास लिहिला तर ज्यांनी जाहिरातीचे पैसे भरले त्यांचाच तो इतिहास होतो.

आणि सुईण तर नाहीच नाही. गावातलं प्रत्येक मूल जिच्या हातावर आलं, ती बहुतेक ठिकाणी मांग, महार, न्हावी अशा जातींतली बाई होती. नाळ कापणं, वार पुरणं, बाळंतिणीचं मळकं धुणं हे 'विटाळाचं' काम, म्हणून ते तिच्याकडे. कामाशिवाय अडत होतं, पण काम करणारीला उंबऱ्याच्या आत मान नव्हता.

बाई मात्र जाहिरातीत होती, आणि भरपूर होती. ती धंदा करणारी म्हणून नव्हती, रोग म्हणून होती. सरकारनं १८७७ साली व्ही.पी.ची सोय सुरू केली. पैसे आधी भरायला नकोत, पार्सल आलं की टपालवाल्याला द्यायचे. औषधवाल्यांचा धंदा या एका सोयीनं गावोगाव पोचला. मुंबईत, पुण्यात, पार मथुरेत बनलेली औषधं वऱ्हाडातल्या घरात येऊ लागली. त्यात चांगली, घरोघर रुळलेली औषधंही होती. डोंगरे बालामृत, अमृतांजन ही नावं आपल्या आज्यांच्या तोंडी होती. पण त्यांच्या शेजारीच धातुपुष्टीच्या गोळ्या होत्या, आणि 'स्त्रियांचे गुप्त विकार', पाळीचे दोष, वांझपण, पुत्रप्राप्ती यांची हमखास औषधं होती.

ही जाहिरात कुणाशी बोलते ते पाहा. बाईच्या गर्भाशयाबद्दल ती तिच्या नवऱ्याशी बोलते. वाचणारा तो, पत्र टाकणारा तो, पैसे भरणारा तो. 'गुप्त' हा शब्दही नीट समजून घ्या. बाईचं दुखणं तिनं कुणाला सांगू नये म्हणून गुप्त, पण वर्तमानपत्रात जगजाहीर! मूल झालं नाही तर औषध तिनंच घ्यायचं. मुलगी झाली तरीही तिनंच घ्यायचं. दोष तिचा हे आधी छापलं आणि मग त्यावर औषध विकलं.

याच काळात सुईणीला हटवण्याचं काम सुरू झालं. १८८५ साली लेडी डफरीन यांच्या नावानं बायकांना बायकांकडून वैद्यकीय मदत मिळावी म्हणून फंड निघाला. अमरावतीचा डफरीन दवाखाना आजही त्या नावानं ओळखला जातो. १९०३ साली लेडी कर्झन यांनी दायांच्या प्रशिक्षणासाठी निधी उभारला. पुण्यात सेवासदननं विधवांना नर्स आणि सुइणीचं शिक्षण दिलं, त्यातून कितीतरी बायका स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. या कामाचं मोल मी कमी करत नाही. जुन्या सुईणीचं गोडवं गाणंही मला मान्य नाही. गंजक्या विळ्यानं नाळ कापल्यामुळे बाळं धनुर्वातानं गेली, बाळंतिणी सेप्टिकनं गेल्या, हे खरंच आहे. पण सुईण 'घाणेरडी' ठरली ती एकट्या विळ्यामुळे नाही, तिच्या जातीमुळेही ठरली. विळा उकळायला शिकवणं सोपं होतं. तिच्याजवळचं अनुभवाचं ज्ञान मोजणं कुणाला गरजेचं वाटलं नाही. शिवाय दवाखाना शहरात आला, खेड्यात सुईणीची जागा रिकामीच राहिली. ती जागा पुढे भिंतीवरच्या जाहिरातीनं घेतली.

यात एक वेगळा माणूस होता, त्याची आठवण काढायलाच हवी. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. त्यात संततिनियमनाच्या साधनांची उघड माहिती असे, जाहिरातही असे. बाईच्या शरीराबद्दल गुप्ततेचा बाजार न करता बोलता येतं हे त्यांनी दाखवलं. त्याबद्दल त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावं लागलं, १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे १९५३ साली गेले. दुसऱ्याच वर्षी, १९५४ साली, औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा कायदा आला. कशाच्या जाहिरातीवर बंदी? गर्भपात, गर्भधारणा टाळणं, लैंगिक शक्ती वाढवणं, पाळीचे दोष सुधारणं, शिवाय यादीतले अनेक आजार, त्यात बाईचं वंध्यत्व आणि गर्भाशयाचे विकारही आले. भोंदूंना आवरायला हा कायदा हवाच होता. पण कर्व्यांसारख्याची माहिती आणि भोंदूची पुडी या दोन्ही एकाच टोपलीत टाकल्या गेल्या. पुढे सरकारनंच लाल त्रिकोणानं भिंती रंगवल्या. तेव्हाही बाईला काय हवं हे विचारलं गेलं नाही, किती ऑपरेशनं झाली ते मोजलं गेलं.

पुढची गोष्ट आपल्या चळवळीतल्या थोरल्या मैत्रिणींनी स्वतः लढलेली आहे. ऐंशीच्या दशकात गर्भजल परीक्षेच्या जाहिराती उघड लागत. आत्ता पाचशे खर्च करा आणि पुढचे पन्नास हजार वाचवा, असा त्यांचा हिशेब. मुलीच्या जिवाचा भाव हुंड्याच्या हिशेबात मांडलेला. चळवळीच्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला, १९९४ साली केंद्राचा. त्या कायद्याच्या २२ व्या कलमानं अशी जाहिरात करणं हाच गुन्हा ठरला, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. पाट्या उतरल्या, धंदा तोंडी झाला.

आता आज काय दिसतं? नोंदणीकृत डॉक्टरला जाहिरात करायला बंदी आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवरून परत आलो, अशा मोजक्याच सूचना तो छापू शकतो. म्हणजे जो नियम पाळतो तो गप्प, आणि जो कुठल्याच नियमात बसत नाही त्याची भिंत बोलकी. प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी असते, असायलाच हवी. पण १९७१ च्या कायद्यानं गर्भपात कायदेशीर आहे, ही पाटी तुम्ही शेवटची कुठे पाहिली? आपल्या बायकांना एवढंच कळलंय की गर्भपात म्हणजे पोलीस. झरी जामणी, पांढरकवडा भागातल्या कोलाम कुमारी मातांबद्दल आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली. फसवणूक झालेल्या त्या पोरीला वेळेवर हे कुणी सांगितलं होतं का?

म्हणून कलमं आता सांगते, लिहून घ्या. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही विशिष्ट परिस्थितीतल्या स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत, तिथे दोन डॉक्टरांचं मत लागतं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की यात अविवाहित बाईला वगळता येणार नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरे, नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. अल्पवयीन मुलीसाठी पालकाची संमती लागते.

आणि तीन कामं. पहिलं, आपापल्या तालुक्याच्या स्टँडवरच्या, बाजारातल्या जाहिराती उतरवून घ्या, फोटो काढा, तारीख टाका. १९५४ च्या कायद्याखाली अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. गर्भलिंगनिदानाची असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. दुसरं, जिथे ती जाहिरात होती तिथेच, ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन, आपली माहिती लिहा. मोठ्या अक्षरात, वऱ्हाडीत लिहा. तिसरं, गावातल्या म्हाताऱ्या सुईणींकडे जाऊन बसा. त्यांच्या हातून किती बाळंतपणं झाली, काय मिळालं, कुणी ताटात वाढलं आणि कुणी लांबून टाकलं, ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. त्यांच्यातल्या फार थोड्या उरल्या आहेत.

तांड्यावरची ती बाई मागच्या वर्षी भेटली. मुलगी आता कॉलेजात आहे. मला म्हणाली, "पोरगी अजून त्या भिंतीकडे बघत नाही. तिला वाटते, मी वाचलं म्हणून मायचं असं झालं."

त्या पोरीला आपण काय सांगणार आहोत? तू वाचलंस यात चूक काहीच नव्हती. त्या भिंतीवर आपण आधी लिहायला हवं होतं, ते आपल्याकडून राहून गेलं.