पेशींचं यंत्र आणि संध्याकाळची लोकल

आम्ही चौघी कल्याण-डोंबिवलीच्या, ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत कामाला. आमच्या हाती सेल सॉर्टर असतो, म्हणजे पेशी निवडणारं यंत्र. तांदूळ निवडतो तसंच, फक्त इथले खडे डोळ्यांना दिसत नाहीत. रक्ताइतपत खारट पाण्याच्या बारीक धारेतून पेशी एकामागून एक लेसरसमोरून जातात. धारेचे थेंब होतात, आणि हव्या त्या थेंबाला विजेचा भार देऊन यंत्र तो वेगळ्या नळीत पाडतं.

गेल्या पावसाळ्यात निवडलेल्या पेशींचं पोषणद्रव तिसऱ्या दिवशी गढूळ झालं. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाने संशोधनासाठी दिलेली अस्थिमज्जा होती ती. पुन्हा कोणत्या तोंडाने मागणार? आधी संशय नमुन्यावर, मग इन्क्युबेटरवर. शेवटी टाकीतलं, फिल्टरनंतरचं आणि नॉझलमधून पडणारं पाणी तीन वेगवेगळ्या पेट्री डिशमध्ये लावलं. पहिल्या दोन कोऱ्या. तिसरीत जंतूंचे ठिपके. म्हणजे फिल्टरच्या पुढच्या नळीत बुळबुळ धरली होती, माठ घासला नाही की आतून हाताला लागते तशी. जंतू तिच्या आत दडून बसतात, नुसतं पाणी सोडून निघत नाहीत.

त्यासाठी रोज काम संपलं की पातळ केलेलं ताजं ब्लीच दहा मिनिटं नळ्यांत ठेवायचं. शिळ्याला जोर नसतो. मग निर्जंतुक पाणी, भरपूर, कारण उरलेलं ब्लीच पेशीही मारतं. शिवाय ब्लीच आणि अल्कोहोल एकत्र येता कामा नये, त्यातून विषारी द्रव्यं तयार होतात. (घरी संडासाच्या ॲसिडमध्येही ब्लीच घालू नका, त्याचा वायू जीवघेणा.) शेवटी ७० टक्के अल्कोहोल. शंभर टक्के का नाही? जंतू मारायला थोडं पाणी लागतंच.

हे सगळं आम्हाला पाठ होतं. पण सहानंतर ठाण्याला लेडीज डब्यात पाय ठेवता येत नाही, आणि पाळणाघर सातला बंद. दहा मिनिटांचं ब्लीच आम्ही चारात उरकत होतो. चौघी, आळीपाळीने.

खारघरचं ॲक्ट्रेक आणि आयआयटी मुंबई यांच्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच पेशी बदलून त्याला परत देतात. तिथे जंतू शिरला तर थेट रक्तात. आमच्या पेशी डिशमध्येच राहतात, एवढंच नशीब.

सरांना खरं सांगितलं. आता चारनंतर नमुना घेत नाही. सुरुवातीला कुरकुर झालीच. दर सोमवारी नॉझलखालचं पाणी डिशमध्ये लावतो, बुधवारी बघतो. या बुधवारी कोरी होती.