मोतीबिंदू आणि लेझर : नेहमीचे प्रश्न

डोळ्यांच्या दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे काही प्रश्न आज पाहू.

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं का? नाही. वाचन, स्वयंपाक, रात्रीचं चालणं अवघड होऊ लागलं की डॉक्टरांशी बोलावं. फार पिकलेला मोतीबिंदू काढणं उलट कठीण जातं.

शस्त्रक्रिया दुखते का? मोतीबिंदू काढण्याच्या फेको पद्धतीत डोळा बहुधा थेंबांनीच बधिर करतात. जेमतेम २ ते ३ मिलिमीटरच्या छेदातून गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. असं भिंग पहिल्यांदा बसवलं ते १९४९ साली, लंडनमध्ये, डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी.

मोतीबिंदू परत होतो का? नाही. मात्र भिंगामागचा पडदा काहींच्या बाबतीत धुरकट होतो. तो लेझरने काही मिनिटांत मोकळा करता येतो.

चष्म्याचा नंबर घालवणारं लेझर कुणासाठी? वय १८ पूर्ण, नंबर स्थिर आणि बुबुळाचा पारदर्शक पडदा पुरेसा जाड असेल, त्यांच्यासाठी. चाळिशीचा चष्मा मात्र पुढे लागू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. म्हणून लेझरपूर्वीच्या तपासण्यांचे कागद जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाल्यास कृत्रिम भिंगाचा नंबर ठरवताना ते उपयोगी पडतात.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि लेझर, दोन्हींनंतर डोळा चोळू नका, डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका, थेंब वेळेवर घाला. दुखणं किंवा लाली वाढली, नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि आईवडिलांना धूसर दिसत असेल, तर वयावर ढकलू नका. त्यांची तपासणी जरूर करून घ्या.